दोन दिवसांत दहा मिनिटांची शॉर्टफिल्म: पहिल्यांदा दिग्दर्शन करताना काय आधी ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. शूटला दोन दिवस, मित्राचा मिररलेस कॅमेरा, नट कॉलेजच्या एकांकिकेतले आणि लोकेशन म्हणून एकाचं वन बीएचके घर. दिग्दर्शन पहिल्यांदाच. कुठे बिघडतं, आणि आधी काय करून ठेवायचं?

बहुतेक विद्यार्थी फिल्म एकाच जागी बिघडतात. लाइट कुठे लावायचा, जेवण आलं का, कार्ड भरलं का, पुढचा शॉट कोणता, यात दिग्दर्शक दिवसभर इतका अडकतो की टेक चालू असताना नटाकडे पाहायला त्याच्याकडे लक्षच उरत नाही. एडिटला बसल्यावर दिसतं की फ्रेम सुंदर आहे, पण त्यातला माणूस पाठ केलेलं बोलतोय. म्हणून पुढचं सगळं एकाच हेतूने लिहिलं आहे: टेक चालू असताना तुमचे डोळे नटाच्या चेहऱ्यावर असावेत आणि बाकीचे निर्णय त्याआधीच झालेले असावेत. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स या चर्चेला मी मुद्दाम कमी जागा दिली आहे. त्यामुळे फिल्म पडल्याचं क्वचितच दिसतं.

दिवसाचं गणित

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी स्क्रिप्टच्या ठरावीक फॉरमॅटवर बसवलेला आहे. वर्डमध्ये देवनागरीत टाइप केलेल्या स्क्रिप्टला तो लागू पडेलच असं नाही. त्यापेक्षा स्टॉपवॉच लावून सगळी स्क्रिप्ट मोठ्याने वाचा आणि हालचालींनाही खराखुरा वेळ द्या: दार उघडणं, चपला काढणं, पाणी पिणं, गप्प बसणं. अशा वाचनात दहा मिनिटं भरली तर पहिला कट तेरा-चौदा मिनिटांचा होतो असं धरून चाला. दहाच मिनिटांची मर्यादा असेल तर स्क्रिप्ट आठ मिनिटांची करा. कागदावर सीन कापायला पैसे लागत नाहीत.

आता शूटचा दिवस मोजा. बारा तासांचा दिवस धरला तर सामान उतरवून पहिला लाइट लागेपर्यंत एक ते सव्वा तास जातो. जेवणाला पाऊण तास, दोन चहांचे मिळून अर्धा तास, पॅकअपला पाऊण तास. हातात उरतात साधारण नऊ तास. कॅमेऱ्याची जागा बदलली की लाइट, फोकस, रिहर्सल आणि तीन-चार टेक मिळून नवख्या टीमला पस्तीस मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला पंधरा सेटअप (कॅमेऱ्याच्या जागा), दोन दिवसांत तीस. शॉट लिस्टमध्ये बासष्ट शॉट असतील तर निम्मे होणार नाहीत हे आजच कबूल करा आणि कोणते निम्मे ते तुम्ही ठरवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ते घड्याळ ठरवतं, आणि घड्याळ नेमका शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा सीन कापतं. प्रत्येक शॉटपुढे अ, ब किंवा क लिहा. अ म्हणजे ज्याच्याशिवाय सीन कळणारच नाही तो. आधी सगळे अ.

एका दिवसात लोकेशन बदलायचं असेल तर दीड-दोन तास, म्हणजे तीन-चार सेटअप, त्यातच गेले असं समजा. एकाच घराचा जिना, गच्ची आणि समोरची गल्ली वापरून तीन वेगळ्या जागा मिळत असतील तर गाडी काढायची गरज नाही.

दिग्दर्शकाने स्वतः कॅमेरा चालवू नये. माणसं कमी असली तरी चार कामं चार वेगळ्या माणसांकडे हवीतच: कॅमेरा, साउंड, कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात गेल्यावर सगळं तसंच दिसतंय ना ते बघणं) आणि घड्याळ बघणारा असिस्टंट डिरेक्टर. हा एडी वर्गातला सगळ्यात शिस्तीचा माणूस असावा, आणि ‘अजून एकच टेक’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला ‘मग इन्सर्ट (हातांचा किंवा वस्तूचा जवळून घेतलेला छोटा शॉट) जाईल’ असं स्पष्ट सांगायची मुभा त्याला सगळ्यांसमोर दिलेली असावी.

एक सीन जवळून

समजा सीन असा आहे. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. मुलगा दारात येतो आणि सांगतो की परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही, फीचे पैसे दुसरीकडेच खर्च झाले. दीड मिनिटाचा सीन.

पहिला प्रश्न शॉटचा नाही. सीनमध्ये बदलतं काय, आणि नेमकं कोणत्या ओळीवर? इथे आईचे हात थांबतात ती जागा सीनचं केंद्र आहे. हात ‘फॉर्म भरला नाही’ला थांबतात की ‘पैसे खर्च झाले’ला, यावर आई कशी आहे हे ठरतं. पहिल्यात तिला मुलाच्या वर्षाची काळजी आहे, दुसऱ्यात खोटेपणाचा धक्का. हे रिहर्सलमध्ये ठरवा, कारण क्लोजअप त्या एका क्षणासाठीच लागणार आहे. बाकीचा सीन मिडमध्ये (माणूस कमरेपासून वर) आणि वाइडमध्ये (सगळी जागा दिसेल असा) निघतो.

मग सेटअप: दारातून मास्टर (अख्खा सीन एकाच फ्रेममध्ये), आईचा मिड, आईचा क्लोज, मुलाचा मिड, मुलाचा क्लोज, पोळपाटावरच्या हातांचा इन्सर्ट, तव्याचा इन्सर्ट. सात. अर्धा दिवस इथेच गेला. मुलाचा क्लोज खरंच लागतो का ते पुन्हा विचारा. तो दारातच उभा असेल तर मिड पुरतो आणि अर्धा तास वाचतो.

क्रम स्क्रिप्टप्रमाणे लावू नका. आधी एका दिशेला पाहणारे सगळे शॉट उरका, मग लाइट फिरवून उलट दिशेचे. दोघांच्या नजरेला जोडणारी रेषा मनात धरा आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर कटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. स्वयंपाकघर दहा बाय दहाचं असेल तर ही रेषा ओलांडायचा मोह हमखास होतो, कारण सोयीची मोकळी जागा नेमकी पलीकडे असते. आणि आईचा क्लोज जेवणाच्या आधी घ्या. संध्याकाळी सातला, तिसाव्या वेळी तीच ओळ म्हणताना कोणाच्याच डोळ्यांत काही उरत नाही.

आता लाटणं. प्रत्येक टेकमध्ये लाटण्याचा ठोका वेगळ्या अक्षरावर पडतो. तो संवादाखाली रेकॉर्ड झाला की मिडमधून क्लोजला कापताना आवाज उडी मारतो, आणि एडिटर काहीही करू शकत नाही. उपाय रिहर्सलमध्येच आहे: बोलताना हात पीठ लावतात, लाटणं दोन ओळींच्या मधल्या जागेत चालतं. ज्या शॉटमध्ये पोळपाट दिसत नाही तिथे त्याच्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा किंवा हात नुसतेच चालवा. गॅसची ज्योत दिसत नसेल तर गॅस बंद. तिचा फुसकारा मायक्रोफोनला छान ऐकू येतो. सीन संपल्यावर कॅमेरा बंद करून खरं लाटणं, तव्यावर पोळी टाकणं, उलथनं, ज्योत हे सगळं दोन-दोन मिनिटं वेगळं रेकॉर्ड करा. एडिटमध्ये हवं तिथे हवं तितकं लावता येतं.

एका टेकला दोन-तीन गोळे लागतात. सगळे सेटअप आणि रिहर्सल धरून पन्नास-साठ गोळ्यांची तयारी ठेवा, म्हणजे दीड ते पावणेदोन किलो कणीक. ती दोन वेळा भिजवा आणि ओल्या कापडाखाली ठेवा, कारण लाइटच्या उष्णतेत गोळ्यांवर पापुद्रा येतो आणि पोळी फाटते. ‘फॉर्म भरला नाही’ या ओळीला ताटात किती पोळ्या आहेत हे कंटिन्युइटीच्या माणसाने लिहून ठेवायचं. मास्टरमध्ये तीन आणि क्लोजमध्ये सहा असतील तर बघणाऱ्याचं लक्ष आईवरून पोळ्यांवर जातं. प्रत्येक सेटअपच्या शेवटी मोबाइलवर फोटो काढणं ही सगळ्यात स्वस्त कंटिन्युइटी: केस, पदर, घाम, पिठाचे हात, घड्याळाचे काटे.

साउंड

विद्यार्थी फिल्म चित्रापेक्षा आवाजामुळे जास्त पडते. थोडं अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही तर तो मोबाइल बघायला लागतो. बजेटमध्ये एकच वस्तू भाड्याने घ्यायची असेल तर लेन्स सोडा आणि बूम पोल (माइक धरायची लांब काठी), शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) व रेकॉर्डर घ्या.

माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या लगेच वर, छातीकडे रोखलेला. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक आठ फुटांवर असतो. तो माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. रेकॉर्डरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि मीटरवर नेहमीच्या बोलण्याची टोकं -१२ डीबीच्या आसपास. कोणी ओरडणार असेल तर त्या टेकआधी लेव्हल कमी करा. शून्याला फुटलेला आवाज परत येत नाही. कॉलर माइक लावणार असाल तर कपड्यांचा विचार कॉस्च्युम ठरवतानाच करा: कडक स्टार्चची साडी खसखसते, मंगळसूत्र माइकवर वाजतं, काचेच्या बांगड्या पोळपाटावर किणकिणतात. मंगळसूत्राच्या वाट्या मागून पारदर्शक टेपने ब्लाउजला चिकटवा आणि बांगड्या दोन-दोनच ठेवा. हेडफोन घातलेला माणूस प्रत्येक टेकला हवाच. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही.

फ्रिज आणि पंखा बंद. फ्रिज बंद केलात की एखाद्याच्या बाइकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ती घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचं राहत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही. पंखा मात्र दोन टेकच्या मध्ये जरूर लावा.

लोकेशन बघायला रविवारी सकाळी गेलात आणि शूट मंगळवारी दुपारी असेल तर तुम्ही वेगळीच जागा पाहिली आहे. त्याच वारी, त्याच वेळी जाऊन दहा मिनिटं नुसतं ऐकत बसा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, शाळेची मधली सुट्टी, देवळातली आरती, वरच्या मजल्यावरचं फरशीचं काम. हे कळलं की त्या वेळेत बिनसंवादाचे शॉट लावता येतात. प्रत्येक जागेचा एक मिनिट शांत आवाज, सगळे स्तब्ध उभे राहून, रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी त्यानेच भरतात. ‘नंतर डब करू’ हा बेत नवख्यांनी करू नये. ओठ जुळवणं एक वेळ जमतं, पण स्टुडिओतला आवाज स्वयंपाकघरातला वाटायला खूप कारागिरी लागते.

कॅमेऱ्याबद्दल मोजकं

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा, पट्टे येणार नाहीत. मोबाइल आपणहून ३० फ्रेम आणि १/६० वर गेला की चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात, आणि छोट्या स्क्रीनवर ते लक्षात येत नाहीत. मोबाइलवरच शूट असेल तर फ्रेमरेट कायम ठेवणारं मॅन्युअल ॲप वापरा. सरकत्या फ्रेमरेटमुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे होतो. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, फोकस यातलं काहीही ऑटोवर नको. वेगळा आवाज चित्राशी जुळवायला प्रत्येक टेकला क्लॅप द्या, क्लॅप नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी.

खिडकीबाहेरचा प्रकाश हा सगळ्यात चांगला फुकटचा लाइट. खिडकीवर बटर पेपर आणि समोर पांढरा थर्माकोल एवढ्यावर दिवसाचा स्वयंपाकघराचा सीन होतो. मात्र डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेचारनंतर दिवसाचे सीन ठेवू नका. मे महिन्यात दुपारी अकरा ते तीन उघड्यावर क्लोजअप घेतलेत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ती वेळ घराच्या आतल्या सीनची.

१०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी खातं. दिवसाला तीन तासांचं फुटेज म्हणजे १३५ जीबी. एक १२८ जीबीचं कार्ड पुरणार नाही, आणि कार्ड भरल्याचं कळेल ते नेमकं चांगल्या टेकच्या मध्यात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी होऊन, दोन्हीकडच्या फाइल उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हे काम एकाच ठरलेल्या माणसाकडे ठेवा.

नट

एकांकिकेतले नट घेणं चांगलंच आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी केलेल्या मुलांना पाठांतराची शिस्त असते, ऊर्जा असते आणि सूचना पटकन कळतात. अडचण एवढीच की त्यांचा आवाज आणि चेहरा शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो. त्यांना ‘कमी कर’ म्हटलं की ते आवाज कमी करतात, पण भुवया तशाच नाचतात, किंवा सगळंच विझतं. त्याऐवजी अंतर बदला. समोरच्या नटाला दोन फुटांवर उभं करून म्हणा, ‘पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेत, त्यांना ऐकू जाता कामा नये.’ आवाज, हात, चेहरा सगळं आपोआप लहान होतं.

भावनेचं नाव घेऊन सूचना देऊ नका. ‘अजून दुःखी’ म्हटलं की नट दुःखाचा चेहरा करतो. करता येण्यासारखं काहीतरी द्या: ‘त्याला बोलू देऊ नकोस’, ‘तो अजून खोटं बोलतोय का ते शोध’, ‘रडू येतंय ते त्याला दिसू देऊ नकोस’. एका टेकनंतर एकच सूचना, जवळ जाऊन, हळू आवाजात. मॉनिटरमागून ओरडून दिलेली सूचना सगळ्या युनिटसमोर दिलेल्या मार्कांसारखी लागते. वाक्य म्हणून दाखवू नका. तो तुमची नक्कल करायला लागेल आणि तुम्ही नट नाही. बदल काहीच सांगायचा नसेल तर पुढचा टेक का घेताय ते स्वतःला विचारा. टेक्निकल कारणाने घेत असाल तर तसं सांगून टाका, नाहीतर नट आपलं काय चुकलं ते शोधत बसतो आणि जमलेलं बिघडवतो.

आणि ‘कट’ उशिरा म्हणा. शेवटची ओळ झाल्यावर मनात पाच मोजा. ओळ संपल्यावर नट क्षणभर पात्रातच असतो आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं. सीनमधली सगळ्यात खरी नजर बऱ्याचदा तिथे मिळते. शिवाय एडिटरला कापायला शेपूट मिळतं. तसंच शॉटची सुरुवात आधीच्या हालचालीपासून करा: क्लोजअप ‘पैसे’ या शब्दापासून हवा असला तरी टेक दोन ओळी आधीपासून चालवा.

परवानग्या

खासगी घराला मालकाची लेखी परवानगी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी दिलेलं पत्र पुरतं. शूटची वेळ, माणसं किती, गाड्या कुठे लावणार हे त्यात लिहा. शनिवारवाडा किंवा कार्ले-भाजे लेण्यांसारखी ठिकाणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे, आणि रेल्वे स्टेशनवर, त्या-त्या खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका. परवानगीला दिवस लागतात, सबमिशनच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही. ड्रोनला २०२१चे ड्रोन नियम आहेत आणि पुण्यासारख्या शहरात लोहगावच्या हवाई तळामुळे बराच भाग प्रतिबंधित पट्ट्यात येतो. स्वयंपाकघराच्या गोष्टीला ड्रोन शॉट लागतही नाही.

पाणी आणि जेवण यावर कंजुषी करू नका. सकाळ-संध्याकाळ फक्त वडापाव खाल्लेली टीम दुसऱ्या दिवशी चारनंतर चालत नाही. साधं पोळी-भाजी-भात-वरण, आणि कॉलपासून, म्हणजे टीमला बोलावलेल्या वेळेपासून, सहा तासांच्या आत.

एडिट

फुटेज आल्यावर लगेच ट्रिम करायला बसू नका. आधी सगळे टेक सलग बघा आणि नटाचा सगळ्यात चांगला टेक निवडा, फोकस थोडा हुकला असला तरी. मग प्रत्येक सीनची पहिली आणि शेवटची ओळ काढून बघा. बहुतेक वेळा सीन सुधारतो. अलार्म वाजून उठणं, ब्रश करणं, चपला घालून निघणं ही सुरुवात जवळजवळ नेहमीच काढता येते, आणि दोन मिनिटं तिथेच वाचतात. एकदा आवाज बंद करून पूर्ण फिल्म बघा, एकदा चित्र बंद करून नुसती ऐका. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती एडिट, कलर आणि साउंड तिन्हीला पुरते.

संगीत म्हणून हिंदी गाणं टाकू नका, मागच्या टीव्हीवरही नाही. यूट्यूब ते ओळखतं आणि महोत्सवाच्या अर्जात सगळे हक्क आपले आहेत यावर सही करावी लागते. मित्र संगीत देणार असेल तर त्याच्याकडूनही एका पानावर लेखी परवानगी घ्या. नटांकडूनही, शूटच्या आधी. नेटवरचे फुकट ध्वनी घेताना प्रत्येक फाइलचा परवाना वाचून यादी ठेवा.

ऑनलाइन टाकायच्या प्रतीचा लाउडनेस -१४ एलयूएफएसच्या (आवाजाची एकूण पातळी मोजायचं एकक) जवळपास ठेवा. महोत्सव वेगळा आकडा देत असेल तर त्यांचा पाळा. इंग्रजी सबटायटल एका वेळी दोन ओळी, ओळीला चाळीसच्या आसपास अक्षरं. ते चित्रातच कायमचे छापू नका, सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल ठेवा आणि सबटायटलशिवाय एक प्रत जपून ठेवा. भाषांतर झाल्यावर मराठी न कळणाऱ्या दोघा-तिघांना फिल्म दाखवा आणि आईला राग नेमका कशाचा आला ते विचारा. उत्तर चुकलं तर सबटायटलची ती ओळ बदला. सबटायटल बरोबर असूनही उत्तर चुकत असेल तर हात थांबतात तो क्लोजअप अर्धा सेकंद आधी लावून बघा.